आयबीडीचं पथ्य : ताटातून काय काढायचं, काय ठेवायचं

आयबीडी, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज येण्याचा आजार (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज), असं निदान झालं की घरात पथ्याची यादी वाढायला लागते. एक जण तिखट बंद करतो, दुसरा दूध, तिसरा पालेभाजी. दोन-तीन महिन्यांत ताटात मऊ भात आणि ताक एवढंच उरतं आणि वजन घसरू लागतं. आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज येऊ शकते. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा आजार वेगळा. त्यात अशी सूज नसते.

गैरसमज : तिखट, मसालेदार खाल्ल्यामुळेच हा आजार होतो.
वस्तुस्थिती : शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते, त्यातून ही सूज येते. त्यामागे आनुवंशिकता, आतड्यातले जीवाणू आणि राहणीमान यांची गुंतागुंत असते. आजार उसळलेला असताना ठेचा-मिसळीने त्रास वाढतो, पण आजाराचं मूळ तिथे नाही. जास्त संशय आहे तो पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेल्या खाण्यावर. 21 देशांतल्या 1 लाख 16 हजारांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात (2021) असे पदार्थ दिवसातून पाच किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांना आयबीडी होण्याचा धोका, ते दिवसाला एकाहून कमी वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 80 टक्क्यांनी जास्त आढळला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरीही फोडणीच्या आधी वेफर्स आणि कोल्ड्रिंककडे बघायला हवं.

गैरसमज : भाज्या, फळं, डाळी कायमच्या बंद.
वस्तुस्थिती : चोथा (फायबर) काटेकोरपणे कमी करावा लागतो तो मुख्यतः आतडं अरुंद झालं असेल तेव्हा. जेवल्यावर पोटात कळा, फुगारा, उलट्या ही त्याची लक्षणं. अशा वेळी शेवग्याच्या शेंगा, मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडींवरची साल, कच्ची कोशिंबीर टाळावी. सूज जोरात असतानाही काही दिवस हलकं खावं लागतं. एरवी भाजीचं रूप बदलावं : दुधी, लाल भोपळा सोलून मऊ शिजवावा, सफरचंद साल काढून वाफवावं, मूगडाळ घोटून घ्यावी. याच चोथ्यावर आतड्यातले जीवाणू जगतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशींना लागणारं इंधन तयार करतात. आजार शांत झाला की एकेक पदार्थ परत आणायचा.

गैरसमज : दूध म्हणजे विष.
वस्तुस्थिती : दुधाने आयबीडी होत नाही. मात्र अनेकांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही आणि आतडं सुजलेलं असताना हे जास्त जाणवतं. त्यांनाही दही-ताक बहुधा सोसतं. सूज उतरवायला स्टेरॉइड चालू असताना हाडांना कॅल्शियमची गरज असते, म्हणून दूध सोडलंच तर नाचणी, तीळ किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी हवी.

गैरसमज : रोज हळद खाल्ली की सूज उतरते.
वस्तुस्थिती : सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या 50 रुग्णांवर 2015 साली झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या औषधाला दिवसाला 3 ग्रॅम कर्क्युमिनची जोड दिली आणि फायदा दिसला. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असतं. म्हणजे तेवढ्यासाठी रोज 100 ग्रॅम हळद लागेल! वरणातली चिमूटभर हळद चवीसाठी घालावी. कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत; त्यामुळे यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत.

गैरसमज : पथ्य नीट पाळलं की औषधं सोडता येतात.
वस्तुस्थिती : आहार हाच उपचार ठरतो असं एक ठोस उदाहरण आहे. क्रोन्स असलेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त विशेष पोषक द्रव आहार देतात आणि अनेकांची सूज स्टेरॉइडशिवाय उतरते. पण हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचं असतं, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ते तसं लागू पडत नाही आणि नंतरही सहसा औषध लागतं. बरं वाटणं आणि आतडं बरं होणं या दोन गोष्टी वेगळ्या. जुलाब थांबले तरी आत सूज असू शकते. म्हणून शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी किंवा कोलोनोस्कोपी करतात.

गैरसमज : जितकं कमी खाऊ, तितका आतड्याला आराम.
वस्तुस्थिती : आजार सक्रिय असताना प्रथिनांची गरज वाढते : दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात; नुसत्या पेजेवर हा हिशेब जमायचा नाही. अंडं, मासे, पनीर, घोटलेली डाळ यांतलं जे सोसेल ते दिवसभरात विभागून खावं. आतड्यातल्या रक्तस्रावाने लोहही कमी होतं. बी-12 लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. क्रोन्स तिथेच असेल तर त्याची इंजेक्शनं लागू शकतात.

काय खाल्लं आणि काय त्रास झाला, हे दोन-तीन आठवडे वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांकडे जा. कोणता पदार्थ काढायचा ते तिथे ठरवा, आणि काढलेल्या प्रत्येक पदार्थाच्या जागी काय खायचं हेही विचारूनच घरी या.