वाहनातील आग : आपोआप विझविणारी साधी यंत्रणा

अशोक विजयादशमी जवळ आली की बडनेऱ्याहून नागपूरच्या दीक्षाभूमीकडे गाड्या निघू लागतात. काही जण रेल्वेने जातात, पण मुलांना घेऊन जाणारी कुटुंबे आणि शाळेच्या सहली बहुधा भाड्याच्या बसवरच अवलंबून असतात. गाडी ठरविताना आपण भाडे, आसने आणि निघण्याची वेळ विचारतो. आग लागली तर ती विझविण्याची काय सोय आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. तो प्रश्न विचारण्याची सवय लागावी, म्हणून हा लेख.

या प्रश्नाची किंमत वऱ्हाडाने मोजलेली आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईला जाणारी खासगी बस नाशिकजवळ अपघातानंतर पेटली आणि १२ प्रवासी दगावले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूर–पुणे बस उलटून पेटली. त्यात २५ जणांचा होरपळून मृत्यू झाला. गाडी दाराच्या बाजूवर कोसळल्यामुळे बाहेर पडण्याचा नेहमीचा मार्गच बंद झाला होता.

गाडीतील प्रत्येक आग अपघातानेच लागते असे नाही. पुष्कळदा ती इंजिनाच्या कप्प्यात लहानशी सुरू होते. डिझेलची नळी झिजते, तेल गळते, विजेच्या तारेचे आवरण वितळते. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा पृष्ठभाग कित्येक शे अंश तापलेला असतो. त्यावर डिझेलचा फवारा पडला तर ठिणगीचीही गरज उरत नाही. मागे इंजिन असलेल्या बसमध्ये हे सारे चालकाच्या दृष्टीआड घडते. त्याला धूर दिसेपर्यंत मौल्यवान वेळ निघून जातो.

आपोआप चालणारी यंत्रणा नेमका हाच वेळ वाचविते. तिचा सर्वांत साधा प्रकार समजण्यास अगदी सोपा आहे. अग्निरोधक पावडर किंवा द्रव भरलेल्या सिलिंडरला एक लवचीक प्लास्टिकची नळी जोडतात आणि ती इंजिनाभोवती फिरवितात. नळीत दाबाखालील वायू असतो. आगीची आच लागताच नळी सर्वांत तप्त ठिकाणी फुटते आणि त्याच छिद्रातून अग्निरोधक द्रव्य थेट आगीवर पडते. दुसऱ्या प्रकारात नळी फुटून दाब उतरला की सिलिंडरची झडप उघडते व द्रव्य ठरावीक तोट्यांतून फवारले जाते. या दोहोंना वीज लागत नाही आणि कोणी बटण दाबण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

प्रवासी बसतात त्या भागासाठी डीआरडीओच्या दिल्ली येथील अग्निसुरक्षा केंद्राने पाण्याच्या सूक्ष्म तुषारांची यंत्रणा विकसित केली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. तीत ८० लिटर पाण्याची टाकी, नायट्रोजनचा सिलिंडर आणि १६ तुषारतोट्या आहेत. आग ३० सेकंदांच्या आत ओळखून ६० सेकंदांत आटोक्यात आणणे हे तिचे उद्दिष्ट. माणसे ज्वाळेपेक्षा धूर आणि उष्णता यांनीच अधिक दगावतात. तुषार हवा थंड ठेवून बाहेर पडण्यास अवधी देतात. २७ जानेवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने लांब पल्ल्याच्या व शाळेच्या बसमधील प्रवासी भागासाठी अशा यंत्रणेची तरतूद केली. तथापि असे नियम प्रामुख्याने नव्या गाड्यांना लागू होतात आणि आपल्या वाट्याला येणारी गाडी बरेचदा जुनी असते.

या यंत्रणेलाही मर्यादा आहेत. फुटलेल्या टाकीतून रस्त्यावर सांडलेले डिझेल पेटले, तर इंजिनातील लहान सिलिंडर पुरा पडणार नाही. विझलेली आगही गळती चालू राहिल्यास पुन्हा पेटते. म्हणून इशारा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करणे, बॅटरी तोडणे आणि प्रवाशांना उतरविणे आवश्यकच असते. देखभाल नसेल, तर सिलिंडर केवळ शोभेचा ठरतो.

म्हणून गाडी ठरविताना आमचे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना सांगणे असे : सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते पाहावे. हातातील अग्निशामकाची मुदत वाचावी. संकटकालीन दार प्रत्यक्ष उघडून पाहावे व त्यासमोर सामान रचू देऊ नये. काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे का, हे मुलांनाही दाखवावे. स्टोव्ह, रॉकेल, पेट्रोल वा गॅसची टाकी गाडीत घेऊ नये. निघण्यापूर्वी दोन मिनिटे काढून बाहेर पडण्याचे मार्ग सर्वांना सांगावेत.

भगवान बुद्धांनी अप्रमादाला, म्हणजे सदैव सावध राहण्याला, धम्मात फार मोठे स्थान दिले. शाळेत आम्ही हा शब्द मुलांना शिकवितो. त्याचा अर्थ वंदनेच्या वेळी जितका खरा आहे, तितकाच गाडीत पाऊल ठेवतानाही खरा आहे. आपली मुले धम्मयात्रेहून सुखरूप परतावीत, यासाठी एक साधा प्रश्न विचारण्याचा संकोच आपण सोडू या.