पारा घसरतो, तेव्हा पिकाला किती थंडी वाजते?

डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा घसरला की त्याची बातमी होते. बातमीतला आकडा बहुतेक वेळा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो. पण तो आकडा म्हणजे शिवारातल्या हरभऱ्याला लागणारी थंडी नव्हे. या दोहोंतला फरक ओळखायला शिकवणारा विषय म्हणजे कृषी हवामानशास्त्र. कृषी पदवीची चार वर्षे झाली की या विषयात दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. त्यात भौतिकशास्त्र, मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र असे सगळेच लागते.

सुरुवात वेधशाळेपासून होते. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतात. ऊन थेट लागू नये आणि वारा मात्र खेळता राहावा, यासाठी ही रचना. कृषी वेधशाळांत नोंदी स्थानिक वेळेनुसार सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता घेतात. परभणीची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २३ मिनिटे मागे असल्याने सकाळची नोंद घड्याळात सात वाजून तेवीस मिनिटांच्या सुमारास होते. पिकाला घड्याळ कळत नाही, सूर्य कळतो!

आता प्रश्न सव्वा मीटरच्या खाली काय घडते, हा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत थंड होते. त्यामुळे सर्वांत थंड हवा जमिनीला लागूनच असणार, असे वाटते. पुण्यात १९३२ मध्ये हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांना मोजमापांत वेगळेच दिसले. उघड्या जमिनीवर अनेकदा सर्वांत थंड हवा पृष्ठभागाच्या थोडी वर असते. अनेकांना हे पटले नव्हते. पुढे इतरांच्या मोजमापांतही तेच आढळले आणि या थराला रामदासांचेच नाव मिळाले. कोवळ्या रोपांचे शेंडे नेमके याच उंचीवर असतात.

थंडीच्या रात्री पिकाला हलके पाणी द्या, या सल्ल्यामागेही भौतिकशास्त्र आहे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि खालची ऊब वर लवकर पोहोचवते. शिवाय विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असते.

पदव्युत्तर संशोधनात विद्यार्थी एकच पीक वेगवेगळ्या तारखांना पेरून पाहतात. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून पिकाचे आधार तापमान वजा करतात. सोयाबीनसाठी ते बहुधा १० अंश धरतात. कमाल ३२ आणि किमान २२ असेल, तर त्या दिवशी पिकाच्या खात्यात १७ अंश जमा झाले. अशी बेरीज किती झाली की फुले येतात, शेंगा भरतात, हे कळले की उशिरा पेरलेल्या पिकाचे काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

या अभ्यासाची खरी कसोटी जूनमध्ये लागते. पहिल्या सरीने काळ्या जमिनीचा वरचा थरच भिजतो, खाली ती कोरडीच राहते. त्या ओलीवर बी उगवते आणि पावसाने ओढ दिली की करपते. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च पुन्हा. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, असे विद्यापीठ सांगते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात असे चार ओळींचे वाक्य येते. त्यामागे रोजच्या नोंदी आणि अनेक हंगामांची मोजमापे असतात. यंदा पेरणीआधी तो सल्ला वाचा आणि आपल्या शिवारात पाऊस किती झाला, तेही मोजा.