एक्स्प्लेनर : ड्रॅगन फ्रूट निवडुंगच, मग वऱ्हाडच्या उन्हात का करपतं?

‘निवडुंगाले काय ऊन लागते?’ अकोला-अमरावतीकडे ड्रॅगन फ्रूटचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे, पण लाखोंच्या खर्चाचं गणित इथेच चुकू शकतं.

ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्याच कुळातलं, मात्र वाळवंटातलं नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या उष्ण जंगलांत ही वेल हवेतली मुळं रोवत झाडाच्या बुंध्यावर चढते आणि फांद्यांच्या विरळ सावलीत वाढते. शेतातला सिमेंटचा खांब म्हणजे त्या बुंध्याची नक्कल. बुंधा आपण उभा केला, सावली मात्र विसरलो.

मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे गेला, कलम १४४ लावावं लागलं. या वेलीला साधारण ३८-४० अंशांपासूनच त्रास सुरू होतो. फांद्या पिवळ्या पडतात, करपतात आणि त्या जखमेतून बुरशी शिरते.

मग कमी पाण्यात ती तगते कशी? ‘नाइट शिफ्ट’मुळे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात, ही रात्री. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा रंध्रं मिटून अन्न बनवायचं. पाणी वाचतं. पण मे महिन्यात रात्रही तापली, तर ही शिफ्टच कोलमडते.

फूलही रात्रीच उमलतं, सकाळी मावळतं. ओळखीचं वाटतंय? आपल्याकडे कुंडीत फुलणारं ‘ब्रह्मकमळ’ याच कुळातलं, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं निवडुंग आहे. त्याची ‘पानं’ म्हणजे चपटी खोडं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प. दोघांचं नातं काहीच नाही. (गुजरातने २०२१ मध्ये ड्रॅगन फ्रूटचंही ‘कमलम’ केलं. कमळाचा मोह सुटत नाही!)

लागवड करायचीच असेल, तर शेडनेटचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. मार्च ते मे तो लागणारच. दुसरा धोका काळ्या मातीचा. मुळं उथळ असतात, पावसाळ्यात पाणी साचलं की सड लागते. म्हणून उंच गादीवाफा आणि चर हवेतच.

घरच्या ब्रह्मकमळालाही हाच नियम : सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं पश्चिमेचं नको.