जुनी मोटार आणि जुनी सीडी

ग्रीसमध्ये धावणाऱ्या मोटारींचे सरासरी वय 17 वर्षांच्या आसपास असून युरोपीय संघात इतक्या जुन्या गाड्या फार थोड्या देशांत आढळतात. 2007 मध्ये तेथे सुमारे 2 लाख 80 हजार नव्या मोटारी विकल्या गेल्या होत्या. कर्जसंकटाच्या काळात, 2012 मध्ये, हा आकडा साठ हजारांच्याही खाली आला आणि हातात आहे तीच गाडी दुरुस्त करून वापरणे भाग पडले. त्यामुळे सीडीवर मिळणारी ग्रीक भाषेतील जुनी दुरुस्ती-माहिती प्रणाली, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांची तांत्रिक मापे एकत्र देणारे सॉफ्टवेअर, तेथील छोट्या गॅरेजला आजही उपयोगी ठरू शकते.

लोखंडाची मापे शिळी होत नाहीत. सिलिंडर हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट काही इंजिनांत आधी 40 न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळून मग प्रत्येकी 90 अंशांचे दोन फेर द्यावे लागतात, आणि हा क्रम त्या इंजिनासाठी पंचवीस वर्षांनंतरही तोच राहतो. टायमिंग बेल्ट बसवतानाच्या खुणांचेही तसेच. त्या चुकल्या तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, म्हणून येथे अंदाजाने काम करणे परवडत नाही.

अडचण येते ती संगणकाकडून. युनिकोडपूर्व पद्धतीत प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने साठवले जाई आणि तो क्रमांक कोणत्या तक्त्यात पाहायचा हे विंडोज ठरवत असे; 225 हा क्रमांक ग्रीक तक्त्यात अल्फा आहे, तर पश्चिम युरोपीय तक्त्यात तोच स्वरचिन्ह असलेला रोमन ‘ए’ होतो, आणि मग पडद्यावर सगळा मजकूर अगम्य दिसतो. श्रीलिपीतला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडणाऱ्या मराठी वाचकाला ही फजिती वेगळी सांगायला नको. युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमसाठीची भाषा विंडोजमध्ये ग्रीक निवडली की बहुधा काम भागते. सोळा-बिटी इन्स्टॉलर मात्र चौसष्ट-बिटी विंडोजवर चालतच नाही. त्यासाठी आभासी संगणक, म्हणजे एका संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, उभारून त्यात विंडोज एक्सपी बसवावे लागते, आणि 2014 पासून एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नसल्याने ते इंटरनेटपासून तोडलेलेच बरे. परवान्याचे कुलूप तोडलेल्या प्रती वापरणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यांतला आकडा मूळचाच आहे याची खात्री कोण देणार?

गाडी नवी असेल तर मात्र ही सीडी पुरत नाही. अथेन्स आणि थेसालोनिकी येथे खासगी डिझेल मोटारींवरील बंदी 2011 मध्ये उठली आणि काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, कमी राखेचे विशिष्ट ऑइल मागणाऱ्या गाड्या गॅरेजमध्ये येऊ लागल्या. 2017 पासून नव्या मोटारींच्या एसीतला वायूही बदलला. त्याआधीच्या सीडीत या गाड्यांची मापे असणे शक्यच नव्हते. अशा वेळी निर्मात्याच्या संकेतस्थळाकडे वळावे लागते, आणि युरोपीय नियमांनुसार त्याला स्वतंत्र गॅरेजलाही तासाच्या, दिवसाच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या शुल्कावर ही माहिती द्यावी लागते.