दिवा उघड!

मुलांनो, इंग्रजी शिकणारा एखादा चिनी विद्यार्थी तिन्हीसांजेला खोलीत येतो आणि सोबत्यास म्हणतो, ‘ओपन द लाइट.’ म्हणजे ‘दिवा उघड!’ ऐकणाऱ्यास हसू येते. परंतु हसण्यापूर्वी ही चूक कशी घडली, ते आपण पाहू.

चिनी भाषेत ‘खाय’ असे एक क्रियापद आहे. त्याच्या जुन्या अक्षरात दार, दाराचा अडसर आणि तो काढणारे दोन हात ह्यांचे चित्र दडलेले आहे. चीनने १९५६ साली लिपी सुलभ करण्याची योजना जाहीर केली. ह्या सुलभ लिपीतील अक्षरातून दार गळून गेले; अडसर व हात तेवढे उरले.

दार उघडणे हा ‘खाय’चा मूळ अर्थ होय. पुढे मिटलेले खुलणे, थांबलेले सुरू होणे, असा तो पसरत गेला. म्हणून चिनी माणूस ह्या एकाच क्रियापदाने दार उघडतो, दिवा लावतो, मोटार चालवतो आणि सभाही भरवतो. फूल उमलले किंवा पाणी उकळले, तरी तेथे हेच क्रियापद येते.

इंग्रजीतील ‘ओपन’चे क्षेत्र निराळे आहे. दार, पुस्तक, डोळे, दुकान, बँकेतील खाते ह्यांना ते चालते. दिव्यास मात्र ‘टर्न ऑन’ लागते आणि मोटारीस ‘ड्राइव्ह’. ‘ओपन द कार’ म्हटले, तर ऐकणारा मोटारीचे दार उघडील. मोटार जागची हलणार नाही!

आता आपल्या मराठीकडे वळू. आपण दिवा लावतो आणि दारही लावतो. पहिल्या लावण्याने उजेड होतो, दुसऱ्याने वाट बंद होते. शिवाय आपण रोप लावतो, कुंकू लावतो, सवयही लावतो. मराठी शिकणाऱ्या चिनी मुलाने ‘दिवा लावणे’ म्हणजे ‘खाय’ एवढेच ध्यानात ठेवले, तर ‘दार लाव’ म्हणताच तो दार सताड उघडील. त्याला आपण मंदबुद्धी म्हणणार नाही. मग ‘ओपन द लाइट’ म्हणणाऱ्यास का हसावे?

म्हणून परभाषा शिकताना क्रियापद सुटे पाठ करू नये. ते ज्या नामाबरोबर नांदते, त्या नामासह पूर्ण वाक्यच वहीत लिहावे व मोठ्याने म्हणावे.