गाडीवरचं चायनीज आणि माझगावचे शेजारी



संध्याकाळी सातच्या सुमाराला कोपर स्टेशनातून बाहेर पडलं, की तेलात परतलेल्या लसणीचा वास येतो. लाल अक्षरांची पाटी, भडभडणारी शेगडी, कढईवर आपटणारा झारा. कोपर असो, दिवा असो की डोंबिवली, चायनीजच्या गाडीशिवाय आपली संध्याकाळ पुरी होत नाही. थोड्या पैशात पोट भरतं आणि मुलंही खूश. पण या ‘चायनीज’मध्ये चिनी किती आणि आपलं किती, हे आपण सहसा विचारत नाही. आज तेच समजून घेऊ.

सुरुवात मंचुरियनपासून करू. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश, पण तिथे हा पदार्थ कुणाला माहीत नाही. त्याचा जन्म आपल्या मुंबईचा. कोलकात्यात वाढलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली नेहमीची फोडणी. त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस्सा दाट केला. पुढे चिकनच्या जागी कोबीचे गोळे आले आणि मंचुरियन शाकाहारी घरांतही पोचलं.

‘हक्का नूडल्स’मधला हक्का हा मसाला नव्हे, ती माणसं आहेत. हक्का हा चीनमधला एक समाज. या शब्दाचा अर्थच ‘पाहुणी कुटुंबं’ असा आहे. यातली बरीच कुटुंबं कोलकात्यात आली. तिथल्या टांगरा भागात त्यांनी चामडं कमावण्याचे कारखाने काढले आणि पुढे खाणावळी थाटल्या. आजही टांगऱ्यात संध्याकाळी लोक आवर्जून जेवायला जातात.

शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारं एक फळ वापरतात. कोकणातल्या मैत्रिणींना ते ओळखीचं वाटेल, कारण बांगड्याच्या कालवणात आपण घालतो त्या तिरफळाचं ते चुलत भावंड! गाडीवरच्या शेजवान चटणीत मात्र ते नसतं. तिथे लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर एवढ्यावर काम चालतं. आणि अजिनोमोटो? ते तर जपानचं. 1908 साली एका जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून ती चव शोधली. चायनीज भेळ तर नावापासूनच आपली. तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, कोबी, कांदा आणि लाल चटणी.

पण मैत्रिणींनो, पदार्थ आपला झाला, तशी माणसं आपली झाली का?

मुंबईत चिनी माणसं जहाजांबरोबर आली. कुणी खलाशी होतं, कुणी गोदीत सुतारकाम करी. माझगावच्या गोदीजवळ त्यांची वस्ती झाली. नवाब टँक रोडवर त्यांनी 1919 साली बांधलेलं सी यूप देऊळ आजही उभं आहे. तिथे इमानाचा देव क्वान कुंग आहे आणि करुणेची देवी क्वान यिन. ही क्वान यिन म्हणजे आपल्या कान्हेरी लेण्यांत कोरलेल्या अवलोकितेश्वराचंच चिनी रूप. इथून गेलेला देव रूप पालटून माझगावात माहेरी आला, असंच म्हणायचं.

या समाजात कुणी दातांचे डॉक्टर होते, कुणी पादत्राणं करी, कुणी ब्यूटी पार्लर चालवी. मग 1962 चं युद्ध झालं. इथेच जन्मलेल्या माणसांकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. देशभरातल्या, विशेषतः आसाम आणि बंगालमधल्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळी इथल्या छावणीत ठेवलं. त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती. काहींना सुटायला 1967 उजाडलं. पुष्कळ कुटुंबं कायमची देश सोडून गेली. माझगावची वस्तीही विरळ होत गेली. आता तिथे मुख्यतः ते देऊळ उरलं आहे.

2020 मध्ये सीमेवर पुन्हा तणाव झाला, तेव्हा एका केंद्रीय मंत्र्यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बहिष्कार घालायला सांगितलं. त्याची झळ कुणाला बसली असती? कढईपुढे घाम गाळणाऱ्या आपल्याच माणसांना. गाडीवरचा मुलगा कधी नेपाळचा असतो, कधी दार्जिलिंगचा, कधी आपल्या शेजारच्या चाळीतला. त्याचे डोळे बारीक आहेत म्हणून कुणी ‘ए चिनी’ अशी हाक मारली, तर आपली मुलंही तेच शिकतात. त्यापेक्षा ‘दादा, गाव कुठलं तुमचं?’ असं विचारावं.

आता थोडं तब्येतीचं. गर्दीची गाडी निवडा, म्हणजे माल शिळा राहत नाही. आपल्यासमोर कढईत गरम केलेलंच घ्या. उकडलेला भात आणि नूडल्स उघड्यावर ठेवलेल्या दिसल्या, तर पुढच्या गाडीवर जा. भडक लाल रंग दिसला तर सावध व्हा. 2024 साली कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. सॉसमध्ये मीठ बरंच असतं, म्हणून रक्तदाबाचा त्रास असेल तर हाफ प्लेटच घ्या, तीही दोघींत.

आणि दर वेळी पार्सलच कशाला? आपण मुलांसाठी बांधून घेतो आणि घाईने घर गाठतो. एखाद्या संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन बाकड्यावर निवांत बसा. गरम मंचाव सूप फुंकून फुंकून प्या. एखाद्या सुट्टीला कोपरहून स्लो लोकल पकडा, सँडहर्स्ट रोडला वरच्या फलाटावर जाऊन हार्बरची गाडी घ्या. पुढचंच स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून सी यूप देऊळ जवळ आहे. क्वान यिनला नमस्कार करा, मुलांना तिची गोष्ट सांगा. परतल्यावर हाफ प्लेट नूडल्स खाल, तेव्हा त्या पाहुण्या कुटुंबांची आठवण नक्की येईल.