दुर्बीण कधी बाजूला ठेवायची? पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील पूर्वअंदाज

पित्ताशय दुर्बिणीतून काढायला घेतले आणि मध्येच पोट उघडावे लागले, तर त्याला शल्यचिकित्सक कन्व्हर्जन म्हणतात. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत अशी वेळ शंभरातल्या मोजक्याच रुग्णांवर येते. पित्ताशयाला तीव्र सूज असताना मात्र हे प्रमाण बरेच वाढते.

पोट उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिनला केली. दुर्बिणीतून ती एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीतच केली, तर भारतात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. आता ती जिल्ह्याच्या गावीही नित्याची आहे. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शहराबरोबरच आसपासच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. अशा ठिकाणी कन्व्हर्जनची वेळ येईल का, या पूर्वअंदाजाला विशेष महत्त्व आहे, कारण दुखणे लवकर दाखवले जात नाही. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली येणारी कळ ‘पित्त झाले’ म्हणून सोड्यावर भागवली जाते आणि दुखणे अंगावर काढले जाते. सुजेच्या प्रत्येक झटक्यागणिक पित्ताशय आतड्याला, चरबीच्या पडद्याला आणि यकृताला अधिकाधिक चिकटत जाते.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी बहुतेक अभ्यासांत त्याच आढळतात : पुरुष रुग्ण, उतारवय, लठ्ठपणा, पूर्वी येऊन गेलेली तीव्र सूज, पोटाच्या वरच्या भागातील जुनी शस्त्रक्रिया. सोनोग्राफीत पित्ताशयाची जाड भिंत, भोवती साठलेले पाणी आणि मानेत अडकलेला खडा पाहिला जातो.

रंधावा आणि पुजाहारी या भारतीय शल्यचिकित्सकांनी २००९ मध्ये याच गोष्टींना गुण देऊन १५ गुणांची पद्धत मांडली. ५ पर्यंत सोपी, ६ ते १० कठीण आणि त्यापुढे अतिकठीण शस्त्रक्रिया, अशी तिची विभागणी आहे. ५५ वर्षांचा पुरुष असेल तर वयाचा १ आणि पुरुष असल्याचा १ गुण. पूर्वी सुजेमुळे रुग्णालयात राहिला असेल तर ४. भिंत ४ मिलिमीटरहून जाड असेल तर २. खडा अडकला असेल तर १. बेरीज ९ होते, म्हणजे शस्त्रक्रिया कठीण. ब्रिटनमधील ८,८२० रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये खास कन्व्हर्जनचा अंदाज देणारी गुणपद्धतीही तयार झाली.

गुण कितीही आले तरी अंतिम निर्णय टेबलावरच होतो. पित्ताशयाची नलिका, यकृताची मुख्य नलिका आणि यकृत यांमधल्या कॅलोच्या त्रिकोणातील चरबी आणि तंतू साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा आणि पित्ताशयात फक्त दोनच रचना, म्हणजे त्याची नलिका आणि धमनी, शिरताना दिसल्यावरच त्या कापायच्या, असा दंडक शल्यचिकित्सक स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये घालून दिला. हे दृश्य मिळाले नाही, रक्तस्राव आवरेना किंवा बराच वेळ जाऊनही काम पुढे सरकेना, तर मार्ग बदलावा लागतो. हट्टाने पुढे गेल्यास मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचा धोका असतो आणि ती इजा रुग्णाला वर्षानुवर्षे भोगावी लागते. म्हणून कन्व्हर्जन हे अपयश मानले जात नाही.

पोट उघडणे हा एकमेव पर्यायही नाही. पित्ताशयाचा बराचसा भाग काढून मानेचा भाग मागे ठेवण्याची अंशतः शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच करता येते. उघड्या शस्त्रक्रिया कमी झाल्याने तरुण शल्यचिकित्सकांना त्यांचा सरावही कमी मिळतो. त्यामुळे सुजलेल्या पित्ताशयात नुसते पोट उघडल्याने अडचण सुटतेच असे नाही.

पूर्वअंदाजाचा खरा उपयोग तयारीसाठी होतो. जास्त गुणांच्या रुग्णाची शस्त्रक्रिया अनुभवी शल्यचिकित्सक हजर असताना, दिवसाच्या पहिल्या वेळेत ठेवता येते. रक्ताची सोय आधी करता येते. पोट उघडावे लागण्याची शक्यता, मोठी जखम आणि वाढणारा मुक्काम यांची कल्पना रुग्णाला व नातेवाइकांना संमतीपत्रावर सही घेण्याआधीच देता येते.